शहाणा पक्ष, बिघडलेला पक्ष

समस्त सोयरेधायरे, भावकी, आळीतली रिकामी मंडळी आणि कुणी विचारत नसताना मत देणारे सर्व मान्यवर यांना कळवताना ऊर भरून येतो, की परंडा मुक्कामी एका गृहस्थाने पूर्ण शुद्धीवर असताना, सकाळी अंघोळ उरकून, धुतलेलं धोतर नेसून, आपण यापुढे जेव्हा केव्हा वेडे होऊ तेव्हा आपलं काय करायचं हे ठरवण्यासाठी राहत्या घरी रीतसर बैठक बोलावली होती. बैठकीला चहा होता, चिवडा होता, सुपारी होती. साक्षीदार म्हणून मी हजर होते. किल्ल्याचा एकही दगड ढासळला नाही आणि कुर्डुवाडीची एसटी रोजच्यासारखीच उशिरा सुटली, हे मुद्दाम नोंदवते. कारण त्या बैठकीमुळे गावाचं काहीतरी भयंकर होणार, असं निम्म्या आळीचं मत होतं.

गृहस्थ म्हणजे आमचे सोयरेमामा. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथंच राहिलं. सोयरिकी जुळवणं हे त्यांचं काम. कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे बघायच्या आधी ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत. कडक इस्त्रीची पँट दिसली की म्हणत, “पोरगं लग्नाला आलंय.” दोन पंजाबी ड्रेस आणि एक नवी साडी दिसली, की पाटावर बसता बसताच विचारत, “धाकलीचं कधी काढायचं?” अंदाज सहसा चुकत नसे. चुकला, तर त्या घरातल्या माणसांनीच कपडे चुकीचे वाळत घातले, असं त्यांचं म्हणणं असायचं.

मामा खोटं बोलत नसत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “सोयरिकीत खोटं बोलायचं न्हाय, फकस्त झाकण ठिवायचं.” या झाकणांचा त्यांच्याकडे मोठा साठा होता. तोतऱ्या मुलाबद्दल ते सांगत, “तोलून बोलतंय.” संध्याकाळी ज्याला घरी उचलून आणावं लागे तो “मित्रमंडळीत असतोय.” माझं स्थळ त्यांनीच आणलं, त्यांच्याच आळीतलं. नवऱ्याबद्दल सांगितलं होतं, “लई शांत पोरगं.” लग्नानंतर कळलं की शांत म्हणजे झोपलेला. मी तक्रार नेली, तर मामा म्हणाले, “सूनबाई, म्या काय खोटं बोललो? झोपल्यावर कुणी अशांत असतंय व्हय?”

सगळ्यात जाड झाकण एकाच गोष्टीवर असे. आपल्या भाग्यवान जिल्ह्यात कोणत्याही घराण्यात मनाचा आजार नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मुलाचे चुलते दार लावून बसतात, त्यांना हवा मानवत नाही. मुलीची आत्या रात्रंदिवस एकटीच बोलते, ती देवाधर्मातली आहे. कुणाचा भाऊ पुण्याच्या दवाखान्यात असतो, तो कंपनीत आहे. मामांनी आयुष्यभर अशी झाकणं नीट बसवली. आणि मग नियतीला, तिला दुसरं काही काम नसल्यामुळे, गंमत सुचली. आजार मामांनाच झाला.

घरात त्याला ‘सीझन’ म्हणत. सीझन आला की मामांची झोप उडायची, डोळे चकाकायचे आणि तालुक्यातला एकही माणूस बिनलग्नाचा राहू नये असं त्यांना वाटू लागायचं. एकदा त्यांनी चालत्या एसटीत कंडक्टरचं लग्न तिसऱ्या बाकावरच्या बाईंशी ठरवलं. कंडक्टरला दोन मुलं होती. बाईंचे यजमान त्यांच्या शेजारीच बसले होते. मामांनी यजमानांनाच मुलीचा मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभं राहण्याची विनंती केली. गाडी मधल्या फाट्यावर थांबवून त्यांना उतरवण्यात आलं, तेव्हा उतरता उतरता त्यांनी ड्रायव्हरची पत्रिका मागितली. सीझन ओसरला की मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोरीवरच्या कपड्यांकडेसुद्धा बघायचे नाहीत.

गावाने निदान ताबडतोब केलं. बाहेरचं आहे. हे निदान करायला शिक्षण लागत नाही, तपासणी लागत नाही आणि ते कधीच चुकल्याचं सिद्ध होत नाही, त्यामुळे ते फार लोकप्रिय आहे. सगळ्यांनी मिळून मामांना एका जागृत ठिकाणी न्यायचं ठरवलं. आता नेणार कसे? मामा सीझनमध्ये, दहा माणसांना आवरणारे नाहीत. मग त्यांच्या मुलाला, बालाजीला, कल्पना सुचली. तो म्हणाला, “आबा, चला, लांबचं एक स्थळ बघायचंय.”

मामा आनंदाने तयार झाले. फेटा बांधला, अत्तर लावलं, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. वाटेत सगळ्यांना मुलीकडच्यांसमोर कसं बसायचं ते शिकवलं. तिथं पोचल्यावर त्यांनी दारातूनच आवाज दिला, “पाव्हणे आले वो!” आणि पाव्हण्यांच्या पायात साखळी घातली गेली. अर्थात प्रेमाने. असल्या ठिकाणी सगळं प्रेमानेच होतं.

परत आणले तेव्हा घोट्याच्या वर जखम होती. ती भरली, वण राहिला. तेव्हापासून मामा भर उन्हाळ्यात चपलेत पायमोजे घालू लागले. विचारलं तर म्हणत, “फॅशन हाय.”

पुढे गावातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. मामी मामांना गुपचूप तिकडे घेऊन गेल्या. आळीत सांगितलं, गुडघा दाखवायला चाललोय. गोळ्या सुरू झाल्या, मामा स्थिरावले. एका वाक्यात उरकण्याइतकं ते सोपं नव्हतं. एका गोळीने त्यांचे हात इतके कापायचे की कुंकवाची बोटं मुलीच्या कपाळाऐवजी नाकावर उमटायची. दुसरी गोळी मात्र लागू पडली. एक दिवस बाईंनी त्यांना सांगितलं, “मामा, आता तुम्ही बरे आहात. पण हा आजार पुन्हा उसळू शकतो. त्या वेळी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, तुमच्या वतीने कुणी बोलायचं, हे तुम्ही आजच लिहून ठेवू शकता. कायदा आहे तसा. आगाऊ निर्देश म्हणतात त्याला. शुद्धीवर आहात तोवर हवा तेव्हा बदलताही येतो.”

मामा खुर्चीवरून अर्धे उठले. म्हणाले, “म्हंजे यादीच की ही!”

लग्न ठरलं की दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात आणि कुणी काय करायचं, जेवण कुणाकडे, मानपान कुणाचे, हे साक्षीदारांसमोर लिहून घेतात. त्याला आमच्याकडे यादी करणं म्हणतात. मामांनी आयुष्यात शेकड्यांनी याद्या केल्या होत्या. ऐन मांडवात माणूस रुसतो, शब्द फिरवतो, ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? बाईंनी साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार एवढंच सांगितलं होतं. मामांनी सतरंज्या मागवल्या.

तर ती बैठक. दोन सतरंज्या समोरासमोर. मामा एकीवर बसले आणि म्हणाले, “ह्यो शहाणा पक्ष.” मग उठून समोरच्या सतरंजीवर गेले, फेटा जरा तिरका केला आणि म्हणाले, “ह्यो बिघडलेला पक्ष. बोला, काय म्हणणं हाय तुमचं?”

पुन्हा पहिल्या सतरंजीवर. “आमचं म्हणणं, झोप उडाली की पहिल्याच दिशी दवाखान्यात जायचं.”

पुन्हा समोर. “आमी न्हाय येणार! आमाला काय झालंय?”

“मग इंजेक्शन द्यावं लागंल. तुमी कितीबी वरडला तरी.”

“चालंल. पर त्या हात कापायच्या गोळ्या नगं.”

“मान्य. अन मोबाईल काढून घेणार.”

इथे बिघडलेला पक्ष बराच वेळ रुसून बसला. मामींनी डोक्याला हात लावला होता. बालाजी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता, कारण मान वर करायची त्याला सोय नव्हती. मी लिहून घेत होते. मामा इकडून तिकडे जाऊन घामाघूम झाले. शेवटी बिघडलेल्या पक्षाच्या सतरंजीवर बसून ते हळू आवाजात म्हणाले, “आमच्या दोनच अटी. आमाला बांधायचं न्हाय. अन खोटं सांगून न्यायचं न्हाय. सोयरीक सांगून तर न्हायच न्हाय.”

बालाजीचा हात चिवड्यात तसाच थांबला.

एवढ्यावर भागलं असतं. पण मामांच्या वतीने बोलणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलं होतं. सगळ्यांनी बालाजीकडे बघितलं. मामांनी दाराकडे बघितलं. तिथे, मामांनी धाडलेल्या निरोपावरून मघाशीच येऊन, उंबऱ्याला टेकून भूमचे व्याही बसले होते.

या व्याह्यांची ओळख करून दिलीच पाहिजे. मामांची मुलगी सुनंदा त्यांच्या घरी दिलेली. मेंढरं राखणारं घराणं. व्याही भूमच्या बाजारात शेळ्या-मेंढ्या विकायचे. त्यांचा शब्दसंग्रह एका शब्दाचा होता आणि तो शब्द होता ‘न्हाय’. दलालांनी भाव पाडून मागितला की न्हाय. चहा घ्या, न्हाय. सावलीत या, न्हाय. जगाच्या लग्नात मानपान सांभाळणारे मामा स्वतःच्या मुलीच्या लग्नात यांना फेटा बांधायला विसरले होते. तेव्हापासून व्याही परंड्याला आले की मामांच्या घरात पाणीसुद्धा घेत नसत. रस्त्यावरच्या टपरीवर पिऊन मग यायचे.

“माझ्या वतीनं ह्ये बोलणार,” मामा म्हणाले.

मामींचा संयम सुटला. “अवो, देवाची तरी भीती बाळगा! व्याह्यापास्नं साधी सर्दी लपवत्यात माणसं, अन तुमी येड हातात द्यायला निघाला? उद्या सुनंदीला काय काय ऐकावं लागंल!”

“तिला इतकी वर्सं झाकण धरून बसावं लागलंय, त्ये बरं हाय व्हय?” मामा म्हणाले. “अन माझा सीझन आला की म्या कसं गोड बोलतो ठावं हाय न्हवं? बालाजी वितळतोय. तू तर दोन मिंटात वितळतीस. ह्ये आख्ख्या जिल्ह्यात एकटेच हायेत ज्यांच्यावर माझं बोलणं चालत न्हाय. काय व्याही, घेणार न्हवं जबाबदारी?”

“न्हाय,” व्याही म्हणाले.

“बघा!” मामा आनंदाने ओरडले. “म्हनूनच तर!”

व्याही उठून चपला शोधू लागले. मामा त्यांच्यासमोर गेले, खाली बसले आणि त्यांनी उजव्या पायातला मोजा खाली केला.  

व्याह्यांनी वाकून तो वण बघितला. बोट लावून बघितला. मग बालाजीकडे न बघता म्हणाले, “बोकड बांधताना बी दोरीत बोट जाईल एवढी जागा ठिवत्यात.”

जरा वेळाने म्हणाले, “सही कुठं करायची?”

मामांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. कागदावर साक्षीदार म्हणून मी आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सह्या केल्या. मामा पूर्ण शुद्धीवर आहेत असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. असा दाखला आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडेही नव्हता आणि तो मिळवून दाखवा, असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला आव्हान देत असत. कागद नोंदवायला ज्या टेबलावर नेला, तिथल्या साहेबांनी तो मृत्युपत्र समजून उलटसुलट करून विचारलं, “मयत कधी झाले?” मामा म्हणाले, “अजून योग आला न्हाय साहेब. आला की पयलं तुमालाच कळवतो.”

तुळशीची लग्नं झाली आणि एका हिवाळ्यात सीझन आला. झोप उडाली. पहिल्याच दिवशी न्यायचं ठरलेलं, पण मामी वितळल्या. गोळ्या मामांनी कोनाड्यातल्या गणपतीला वाहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर फेटा बांधून उभे होते आणि भूमच्या गाडीतले प्रवासी वधूपक्ष, कुर्डुवाडीच्या गाडीतले वरपक्ष, अशी वाटणी करत होते. फलाटावर बरीच गर्दी जमली होती. काही लोक व्हिडिओ काढत होते. माणूस अडचणीत असला की त्याच्या मदतीला हल्ली प्रथम मोबाईल धावतो.

बालाजी रडवेला झाला होता. मला म्हणाला, “काकू, जीप आणतो. बार्शीला स्थळ हाय म्हणून सांगतो, गपगुमान बसतील. एवढ्या लोकात तमाशा नको.” मामी पण म्हणाल्या, एकदाच सांगू. पण म्हणता म्हणता त्यांनीच पदराने डोळे पुसले आणि भूमला फोन लावला.

व्याही पुढच्या गाडीने आले. खांद्यावर घोंगडं. गर्दीतून सरळ मामांसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “व्याही, तुमचं डोकं बिघडलंय. सोलापूरला दवाखान्यात न्यायला आलोय.”

मामींनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं जपलेलं झाकण या माणसाने भर फलाटावर भिरकावून दिलं होतं.

“या या!” मामा म्हणाले. “तुमच्या धाकट्यासाठी पुण्याची पोरगी बघितलीय. इंजिनियर. एकुलती एक.”

“न्हाय.”

“अवो, फोटो तरी बघा!”

“न्हाय.”

“ती यादी म्या मोडली! ती सही त्या दुसऱ्या पक्षाची हाय, माझी न्हाय!”

“शुद्धीवर आल्यावर मोडा. आता न्हाय.”

मामांचा आवाज चढला. त्यांनी शिव्या दिल्या, शपथा घातल्या, सुनंदाला परत आणण्याची धमकी दिली. मग एकदम लहान आवाजात त्यांनी विचारलं, “स्थळ बघायला चाललोय असं सांगून नेणार का?”

“न्हाय.”

“बांधणार?”

“न्हाय.”

“मला तिथं एकटं टाकून येणार?”

“न्हाय.”

 त्या माणसाने आयुष्यभर जमवलेला एकुलता एक शब्द असा कामाला आलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग मामांनी फेटा सारखा केला आणि विचारलं, “गाडीत मानाची जागा कुठली?”

“खिडकीची,” व्याही म्हणाले.

मामा बालाजीने आणलेल्या जीपपर्यंत चालत गेले. दरवाजा त्यांनी स्वतः उघडला. बसता बसता गर्दीला हात जोडून म्हणाले, “मंडळी, जेवल्याशिवाय जाऊ नका.”

सोलापूरच्या डॉक्टरांनी कागद वाचला, आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि नको असलेली गोळी वगळली. इंजेक्शनच्या वेळी मामा खरंच ओरडले. व्याह्यांनी खरंच ऐकलं नाही. व्याही घोंगडं अंथरून तिथेच राहिले. बाजार बुडाला, तरी राहिले. मामा घरी आले तेव्हा थकलेले होते, पण भिंतीकडे तोंड करून फार दिवस पडले नाहीत. पहिल्यांदा उठून बसले तेव्हा मला विचारलं, “सूनबाई, बिघडलेल्या पक्षानं शब्द पाळला का?” मी हो म्हटलं. “चांगला हाय त्यो,” मामा म्हणाले. “जरा मोठ्यानं बोलतोय एवढंच.”

त्यानंतर मामांच्या कामात एक भयंकर बदल झाला. त्यांनी झाकणं ठेवायचं सोडलं. मुलीकडे जाऊन सरळ सांगायचे, “पोरगं सालस हाय, नोकरी पक्की हाय. रोज गोळी घेतंय. ती घेतली तर तुमच्या माझ्यापरीस बरं हाय.” परिणाम उघड होता. सोयरिकी निम्म्यावर आल्या. लोकांना मध्यस्थ प्रामाणिक हवा असतो, पण दुसऱ्याच्या बाबतीत. मात्र संध्याकाळी, अंधार पडायच्या जरा आधी, मामांच्या ओट्यावर कुणीतरी येऊन बसू लागलं. कधी एखादी आई, कधी कुणाचा भाऊ. आधी हवापाण्याचं बोलायचे. मग हळूच विचारायचे, “मामा, त्या डॉक्टरीणबाई कंच्या वारी येत्यात?” वर्षभरात मी आणखी काही कागदांवर साक्षीदार झाले. नावं सांगणार नाही. सगळेच गुडघा दाखवायला गेले होते.

मामा गेले ते हृदयाने. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. एवढा बेत आखणाऱ्या माणसाने या गोष्टीचा मात्र काहीच बेत आखला नव्हता. मामी कितीतरी दिवस त्याच एका गोष्टीवर त्यांना रागवत होत्या, “सांगितलं न्हाय, सवरलं न्हाय.”

दहाव्याला मोठी गर्दी झाली. पिंडाला कावळा शिवायच्या आधी भाषणं झाली, कारण माणूस उत्तर देऊ शकत नाही अशी खात्री झाली की आमच्याकडे वक्त्यांना जोर येतो. ज्यांनी फलाटावर व्हिडिओ काढले होते ते पुढारी बोलले. जागृत ठिकाणाला जायची जीप ज्यांची होती ते बोलले. मामा कसे देवमाणूस होते, त्यांनी कसे संसार उभे केले. आणि प्रत्येकजण त्या एका जागी आला की आवाज मऊ करून म्हणायचा, मामा जरा हळवे होते. मधे मधे त्यांची तब्येत नाजूक व्हायची. चौथ्या वक्त्याने तर सांगितलं की मामांना आयुष्यात कसलाच आजार नव्हता, फक्त मन हळवं होतं.

बाभळीखाली व्याही बसले होते. मामा गेल्यापासून ते कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते, ‘न्हाय’सुद्धा नाही. सुनंदा त्यांच्याजवळ उभी होती. ते उठताहेत असं बघून तिला वाटलं, निघाले. म्हणून तिने त्यांच्या चपला पुढे केल्या. त्यांनी त्या पायाने बाजूला सारल्या, वक्त्याच्या हातातल्या माईककडे ढुंकूनही न बघता गर्दीकडे तोंड केलं आणि ओरडले,

“हळवे कशाचे वो! येडे झाले हुते आमचे व्याही! पर सांगून-सवरून झाले हुते, तुमच्यावानी गुपचूप न्हाय!”